आधी कातडी, मग हाड

मंडळी, नमस्कार. वाचनालयाच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘टाचेचं फ्रॅक्चर : कोणती शस्त्रक्रिया बरी?’ मघाशी आत येताना एक आजोबा तो फलक वाचून शेजारच्यांना म्हणाले, "टाचेचं कसलं ऑपरेशन, बांधून ठेवायचं की झालं." आजोबा, तुमचं म्हणणं मी आज निम्मं खोडणार आहे आणि निम्मं मान्य करणार आहे.

आमच्या कोकणात टाचांचा मोसम असतो. एप्रिल-मेमध्ये आंबा काढताना फांदी मोडते. पावसाच्या तोंडावर माणसं कौलं चाळायला छपरावर चढतात आणि एखादा वासा दगा देतो. माडावरून पडणारे आणि बांधकामाच्या परांचीवरून पडणारे बारमाही. वॉर्डातल्या सिस्टर फोनवर सांगतात, "सर, एक टाच आलीय." पेशंटचं नाव नंतर. एकूण फ्रॅक्चरांमध्ये टाचेचं प्रमाण शंभरात जेमतेम १ ते २, पण ती येते ती बहुतेक कमावत्या पुरुषाची. अशा चार फ्रॅक्चरांपैकी साधारण तिघांत मोड थेट सांध्यात गेलेली असते. सगळी अडचण त्या सांध्याची आहे, आणि त्याहून मोठी अडचण वरच्या कातडीची.

आता जरा चपला काढा. लाजू नका, इथे सगळे आपलेच आहेत. उजव्या पायाचा बाहेरचा घोटा शोधा. त्याच्या किंचित पुढे आणि खाली बोट टेकवा. मऊ खळगा लागतो ना? बोट तिथेच ठेवून पाऊल आत-बाहेर वळवा. बोटाखाली जे हलतंय तिथेच, घोट्याच्या खाली, एक सांधा आहे. वरचं हाड टॅलस, खालचं टाचेचं हाड, कॅल्केनियम. पाय वर-खाली होतो तो घोट्यात. पण पाऊल डावी-उजवीकडे कलतं ते या खालच्या सांध्यात. शेताच्या बांधावरून, कातळावरून, खाचखळग्यातून आपण तोल सांभाळून चालतो ते याच्या जिवावर. गुळगुळीत फरशीवर चालणाऱ्याला हा सांधा गेल्याचं कळायला वेळ लागतो. शेतकऱ्याला पहिल्या दिवशी कळतं. त्या खळग्याला आम्ही सायनस टार्साय म्हणतो. जागा लक्षात ठेवा, पुढे तिथूनच आत शिरायचंय.

टाचेचं हाड म्हणजे पावासारखं समजा. बाहेर पातळ कवच, आत जाळीदार मऊ गर. माणूस १०-१२ फुटांवरून ताठ पायांवर आपटला की अंगाचं सगळं वजन टॅलसमधून खाली येतं आणि टॅलस ओंडक्यात पाचर ठोकावी तसा टाचेत घुसतो. हाड उभं चिरतं. सांध्याचा बाहेरचा तुकडा खचून आतल्या गरात रुततो, बाहेरची भिंत फुगते, टाच बसकी आणि रुंद होते. पाव दाबला की पुन्हा फुगत नाही, तसंच हे. खचलेला तुकडा वर उचलला तरी खाली पोकळी राहते. फक्त आतल्या बाजूचा एक तुकडा, ज्याला बळकट अस्थिबंधांनी टॅलसशी बांधून ठेवलेलं असतं, तो सहसा जागचा हलत नाही. आमच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्या एका तुकड्याच्या आधाराने चालतात. घर पडल्यावर एक खांब उभा असला तर त्यालाच धरून बाकीचं रचायचं, तसं.

हे फ्रॅक्चर सर्जनांना शंभर वर्षांहून जास्त काळ छळतंय. बोस्टनच्या फ्रेडरिक कॉटनने १९०८ मध्ये विल्सन या सहकाऱ्याबरोबर एक रीत मांडली. टाचेच्या आतल्या बाजूला वाळूची पिशवी, बाहेरच्या बाजूला जाड नमद्याची घडी, आणि वरून हातोडा. हसू नका. फुगलेली भिंत आत बसवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि रुंद टाचेने किती त्रास होतो हे त्याला नेमकं कळलं होतं. त्यानेच १९१६ मध्ये लिहून ठेवलं की टाचेचं हाड मोडलेला मजूर कमाईच्या दृष्टीने संपल्यातच जमा असतो. पुढे ताज्या फ्रॅक्चरला हातोडा लावणं त्याने स्वतःच सोडून दिलं.

मग व्हिएन्नाचे लोरेंत्स ब्योलर. अपघातातल्या कामगारांसाठी वेगळं रुग्णालय १९२५ मध्ये उभं करणारा माणूस. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दोन रेघा मारून त्यांच्यातला कोन मोजायला त्यांनी १९३१ मध्ये शिकवलं. धडधाकट टाचेत तो २० ते ४० अंश असतो. टाच खचली की कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. आजही आमचा शिकाऊ डॉक्टर रात्री दोन वाजता फोन करून आधी हाच आकडा सांगतो. पीटर एसेक्स-लोप्रेस्टी हा तिसरा. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांबरोबर असलेला हा ब्रिटिश सर्जन, नंतर बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात होता. या मोडींचे दोन मुख्य प्रकार त्याने वेगळे केले. एकात सांध्याचा तुकडा मागच्या हाडासकट जिभेसारखा लांब तुटतो, दुसऱ्यात सांध्याचा तुकडा एकटाच खचतो. जिभेच्या प्रकारात मागून एक जाड सळई घालून तरफेसारखी दाबली की तुकडा जागेवर येतो, ही रीतही त्याने रूढ केली. १९५१ मध्ये पस्तिशीतच तो गेला आणि निबंध १९५२ मध्ये छापून आला. ती सळई आम्ही आजही वापरतो.

पण या सगळ्यांना हाड दिसत होतं ते एक्स-रेच्या सावलीत. आतला सांधा खरा कसा फुटलाय ते कळायला सीटी स्कॅन यावा लागला. अमेरिकेत टँपा इथल्या रॉय सँडर्स यांनी १९९३ मध्ये सीटीच्या आडव्या-उभ्या कापांवर सांध्याचे किती तुकडे झालेत ते मोजून चार प्रकार केले. पहिल्यात तुकडे जागचे हललेले नाहीत. दुसऱ्यात सांध्याचे दोन तुकडे, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार किंवा त्याहून जास्त, म्हणजे चुराच. सँडर्स यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. अनुभव वाढला तसे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातले निकाल सुधारत गेले, चौथ्यातले मात्र सुधारले नाहीत. कितीही हात बसला तरी चुऱ्याचा सांधा होत नाही.

आता शस्त्रक्रियेकडे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जगभर एक मोठा छेद रूढ झाला. टाचेच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजी एल अक्षरासारखा. उभी रेघ घोटा आणि मागची जाड शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, यांच्या मधून खाली येते. आडवी रेघ पायाची सावळी कातडी संपून तळव्याची फिकी, जाड कातडी सुरू होते त्या सीमेवरून पुढे जाते. मग कातडी, तिच्याखालची मज्जातंतूची दोरी, स्नायुबंध, सगळं एका जाडीत हाडापासून सोलून पुस्तकाच्या पानासारखं वर उलटायचं. हे पान चिमट्याने किंवा हुकाने ताणायचं नाही. तीन तारा हाडांत घालून वाकवायच्या आणि त्यांच्यामागे पान अडकवून ठेवायचं, म्हणजे मदतनिसाचा हात थकला तरी कातडीला ओढ बसत नाही. यातून टाचेची अख्खी बाहेरची भिंत डोळ्यांसमोर येते. भिंत दारासारखी उघडायची, खचलेला सांधा उचलायचा, आतल्या त्या न हललेल्या तुकड्याशी जुळवायचा, भिंत लावायची, वर प्लेट, तिच्यातून स्क्रू. शिकायला आणि शिकवायला यासारखा छेद नाही. मी यावरच शिकलो.

आणि यावरच पोळलो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गवंडी, पस्तिशीच्या आतला, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. घरात दोन लहान मुलं, रोजच्या मजुरीवर चूल. "डॉक्टर, लवकर करा" हे त्याचं पालुपद. सूज थोडी उतरल्यासारखी वाटली आणि मी पाचव्या दिवशी मोठ्या छेदाने ऑपरेशन केलं. एक्स-रे असा सुरेख आला की मी तो मोठ्या सरांना दाखवायला घेऊन गेलो. आपल्याकडे एक्स-रेला लोक फोटो म्हणतात. त्यालाही मी म्हणालो, फोटो फार छान आलाय. नवव्या दिवशी पट्टी सोडली तर एलच्या कोपऱ्यावरची कातडी करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी काळी. पंधराव्या दिवशी तिथून प्लेट दिसायला लागली. मग जखम धुणं, पुन्हा धुणं, प्लेट काढणं, प्लास्टिक सर्जनने दुसरीकडची कातडी आणून लावणं. सात महिने. एकदा ड्रेसिंग करताना तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, फोटो चांगला आलाय म्हणाला होतात ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला त्याने खरंच विचारलंय असं वाटलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

असं का होतं? पोटाची कातडी चिमटीत धरून बघा, खाली चरबी आहे, स्नायू आहे. आता टाचेच्या बाहेरच्या बाजूला चिमटा घ्या. कातडी आणि लगेच हाड. मोठ्या छेदात जे पान आपण उलटतो त्याच्या कोपऱ्याचं रक्त मुख्यतः एका बारीक रोहिणीवर अवलंबून असतं, आणि ती उभ्या रेघेच्या अगदी जवळून जाते. १९९९ मध्ये मृतदेहांच्या पायांत रंग सोडून अमेरिकेत हे दाखवून देण्यात आलं. रेघ थोडी पुढे सरकली की ती रोहिणी गेली. त्यात पाय आधीच सुजलेला, कातडी तटतटलेली, आणि माणूस बिडी ओढणारा. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात १९० टाचांपैकी २५ टक्क्यांत जखमेची तक्रार निघाली, आणि तिच्यामागे तीन कारणं ठळक होती : धूम्रपान, मधुमेह आणि मोडीबरोबर कातडी फाटलेली असणं. आमच्याकडे मी यात मिश्री धरतो. "मी बिडी-सिगारेट काही ओढत नाही हो," असं सांगणाऱ्या मावशी सकाळ-संध्याकाळ दाताला तंबाखूच लावत असतात, आणि तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं ते दाताकडून गेलं म्हणून सोडत नाही.

म्हणून आम्ही थांबतो. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. अर्धं प्लॅस्टर, बर्फ, आणि वाट बघणं. सूज किती उतरली हे कसं ओळखायचं? पाऊल वर वळवून बाहेरच्या कातडीवर बारीक सुरकुत्या पडतात का बघायचं. केळीच्या सालीसारखी गुळगुळीत चकाकणारी कातडी असेल तर चाकू खाली ठेवायचा. मोठ्या छेदासाठी अशी वाट बहुधा १० ते १४ दिवस बघावी लागते. याच दिवसांत नातेवाइकांचा संयम सुटतो. "दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलंय, बिल वाढवतायत." मी आता पेशंटच्या आईला किंवा बायकोलाच कामाला लावतो, रोज सकाळी सुरकुत्या बघायच्या आणि मला सांगायच्या. भांडणं बरीच कमी झाली. एक आजी तर राउंडला मी यायच्या आधीच दारात सांगायच्या, "आज दोन पडल्यात."

आता आजोबांचं निम्मं. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २२ रुग्णालयांनी १५१ पेशंटांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सांधा सरकलेली फ्रॅक्चरं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचं नाही. दोन वर्षांनी वेदना आणि वावर मोजला तर दोन्ही गटांत फरक सापडला नाही. गुंतागुंत मात्र ऑपरेशनवाल्यांत २३ टक्के आणि दुसऱ्यांत ४ टक्के. आमच्या परिषदेत त्या वर्षी चहाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. त्याआधी २००२ मध्ये कॅनडातल्या चार केंद्रांनी ४२४ पेशंटांच्या ४७१ टाचांचा अभ्यास छापला होता. त्यातही एकूण गोळाबेरजेत फरक नव्हता. पण गट पाडून बघितल्यावर बायका, तरुण माणसं, हलकं काम करणारे यांना शस्त्रक्रियेचा फायदा दिसला. कामावरच्या अपघाताची भरपाई मिळणाऱ्यांत तो दिसला नाही. आणि शस्त्रक्रिया न केलेल्यांवर पुढे सांधा कायमचा जखडून टाकायची वेळ कितीतरी पट जास्त आली.

म्हणजे बांधून ठेवणं हा गुन्हा नाही, आजोबा. सांधा फारसा सरकला नसेल, साखर आवाक्याबाहेर असेल, पायाचा रक्तपुरवठा कमजोर असेल, किंवा तंबाखू सुटतच नसेल तर मी स्वतः हात जोडून सांगतो, चाकू नको. पण बांधायचं म्हणजे दोन महिने प्लॅस्टरमध्ये कोंडायचं असं नाही. सूज उतरली की पाऊल हलवायला लावायचं, वजन मात्र टाकायचं नाही. तुमचं जे निम्मं मी खोडतो ते असं : ब्रिटनच्या चाचणीत टाच अतोनात वाकडी झालेले पेशंट घेतलेच नव्हते, आणि जी ऑपरेशनं झाली ती त्या मोठ्या छेदातून. मोठ्या छेदाने गमावलेली कातडी आणि टाच बसवून मिळालेला फायदा, दोन्ही एकाच तराजूत पडले. कातडी न गमावता हाड बसवता आलं असतं तर? हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.

मघाशी जिथे बोट ठेवलं होतं तो खळगा आता आठवा. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून पुढे, करंगळीच्या शेजारच्या बोटाच्या मुळाच्या दिशेने, तीन ते पाच सेंटिमीटरची सरळ चीर. याला सायनस टार्साय छेद म्हणतात. यात कोपरा नाही, उलटायचं पान नाही, ती नाजूक रोहिणी मागे सुखरूप राहते. स्नायुबंध हळूच खाली सरकवले की खचलेला सांधा अगदी समोर दिसतो, खरं तर मोठ्या छेदापेक्षा सांध्याचा पुढचा भाग इथून चांगला दिसतो. अमेरिकेत शार्लट इथल्या सर्जनांनी २०१३ मध्ये ११२ टाचांचा हिशेब मांडला. जखमेची तक्रार मोठ्या छेदात २९ टक्के, छोट्यात ६ टक्के. तो मागे वळून केलेला हिशेब होता, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, हे लक्षात ठेवूनही दरी मोठी आहे. त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही त्याच बाजूला आहे : जखमा कमी, आणि सांधा जुळवण्यात फार काही गमावलेलं नाही.

मग सगळ्यांना छोटा छेद का नाही? कारण त्या खिडकीतून सांधा दिसतो, पण टाचेचा मागचा भाग दिसत नाही. वर सरकलेली, आत कललेली टाच खाली आणि बाहेर ओढायची असते. त्यासाठी मागून टाचेत एक जाड पिन घालून ती बैलगाडीच्या जूसारखी हातात धरायची आणि एक्स-रेच्या कमानीत बघत बघत ओढायची. हे ताज्या मोडीत जमतं. दोन आठवडे उलटले की तुकड्यांमध्ये चिकट नवं हाड धरू लागतं आणि छोट्या खिडकीतून ते सोडवता सोडवता सर्जनला घाम फुटतो. मोठा छेद मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत कामाला येतो. गंमत बघा, छोट्या छेदाला सूज थोडी जास्त असली तरी चालते, म्हणजे तो लवकर करता येतो, आणि तो लवकरच करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणाहून पेशंट आमच्याकडे बाराव्या दिवशी पोहोचला तर माझ्या हातात पर्याय कमी उरलेले असतात. आधी चार दिवस मालीश, मग दोन दिवस घरचा लेप, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक्स-रे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे झालं असेल तर मी बोट दाखवत नाही, माझ्या सख्ख्या मामाकडे झालंय.

आणखी एक, जे सर्जन सहसा व्यासपीठावर बोलत नाहीत. छोटा छेद दिसायला सोपा आणि करायला अवघड आहे. ज्याने मोठ्या छेदातून शंभर वेळा टाचेचा आतला नकाशा बघितलाय त्याला खिडकीतून अंदाज येतो. आजची तरुण मुलं थेट छोट्याने सुरुवात करतायत. कातडी वाचते, पण टाच थोडी आत कललेलीच राहिली, स्क्रू आतल्या बाजूला एक सूत जास्त बाहेर आला आणि अंगठा वाकवणाऱ्या शिरेला घासू लागला, असल्या तक्रारी घेऊन पेशंट फिरतात. त्यांची मोजणी जखमेच्या टक्केवारीत होत नाही.

मी काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नको, सवय म्हणून ऐका. सांध्याचे दोन तुकडे असतील तर छोटा छेद. तीन असतील तर बहुतेक वेळा छोटाच, पण सीटी रात्रभर बघून आणि मोठ्या छेदाची तयारी टेबलावर ठेवून. उशिरा आलेला पण कातडी निरोगी असलेला, तंबाखू नसलेला माणूस, त्याला मोठा छेद, आणि टाके तीन आठवडे काढत नाही. चौथा प्रकार, म्हणजे चुरा, तिथे टाचेचा आकार नीट करून सांधा पहिल्याच वेळी जखडून टाकायचा विचार मी पेशंटसमोर ठेवतो. आणि जिभेच्या प्रकाराला एसेक्स-लोप्रेस्टीची सळई, दोन-चार टोचण्यांत काम होतं.

जिभेच्या प्रकाराबद्दल मात्र एक धोक्याची घंटा. यात काही वेळा मागचा तुकडा टाचेची जाड शीर वर ओढते आणि तो टाचेमागच्या पातळ कातडीला आतून चोचीसारखा टोचत राहतो. कातडी आधी पांढरी, मग जांभळी, मग काळी. इथे सुरकुत्यांची वाट बघायची नाही. इथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. बाकी टाचेत मी थांबा थांबा म्हणतो, ही एकच मला रात्री उठवते.

ऑपरेशन केलं किंवा न केलं, साधारण आठ ते बारा आठवडे पायावर पूर्ण वजन नाही. सांध्याची थोडी हालचाल कायमची जाते. सुधारणा दोन वर्षांपर्यंत होत राहते. उकिडवं बसणं बहुतेकांना जमतं, कारण ते मुख्यतः घोट्यात होतं. उताराच्या वाटेवर डोक्यावर भारा घेऊन चालणं अनेकांना पुन्हा पूर्वीसारखं जमत नाही, आणि हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं. ते ऐकून माणसं गप्प होतात. न सांगता गोड बोलून पाठवलेली माणसं मात्र सहा महिन्यांनी माझ्याकडे चिडून येतात, आणि ते बरोबर असतं.

आता प्रश्न घेऊ.

डॉक्टरसाहेब, तुम्ही गावात प्रॅक्टिस करता, तुमचा प्रश्न असा की पहिल्या रात्री फॅमिली डॉक्टरने काय करावं. उंचावरून पडलेल्या माणसाची कंबर बघा. टाच मोडलेल्या साधारण दहांत एकाच्या कमरेचा मणकाही मोडलेला असतो आणि टाचेच्या कळीपुढे तो बोलत नाही. दुसरी टाच बघा. टाचेमागची कातडी बघा, मघाशी चोच म्हणालो ती. आतल्या बाजूला जखम आहे का बघा. गोल गच्च प्लॅस्टर घालू नका, पाय उंच ठेवा, आणि फोड आले तर फोडू नका.

प्लेट काढावी लागते का? त्रास देत असेल तर. नाहीतर राहू दे. दरवेळी विमानतळावर वाजेल का असं मागून कुणीतरी विचारतंय. बहुधा नाही, आणि वाजलीच तर पाय दाखवा.

ताई, तुम्ही हात वर केला होता. यजमान आठ महिन्यांपूर्वी रायवळ आंब्यावरून पडले, बांधून ठेवलं, आता टाच रुंद झालीय, बूट होत नाही, बाहेरच्या घोट्याखाली दुखतं आणि सपाट रस्त्यावर बरं चालतात पण वाडीत जाता येत नाही. बरोबर? तुम्ही जे सांगताय ते कॉटनने १९०८ साली ओळखलं होतं. फुगलेली भिंत घोट्याच्या हाडाला आणि तिथल्या स्नायुबंधांना चेपतेय. ती भिंत तासून जागा करता येते, त्याला हातोडा लागत नाही. पण दुखणं किती भिंतीचं आणि किती आतल्या सांध्याचं ते आधी ओळखावं लागेल. सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांना इमारतीबाहेरच्या उतारावर चालवून बघू. उतारावर दुखणं गेलं तर सांधा जखडायचा विचार करू, राहिलं तर भिंत. मंगळवारी घेऊन या. जुना आणि नवा दोन्ही फोटो आणा. आणि रोज घालतात ती चप्पल आणा, नवी नको, झिजलेली. कुठल्या बाजूने झिजलीय ते मला बघायचंय.